खासगी शाळा, होमस्कूलिंग आणि सरकारचा लगाम: नेमका कुठे घट्ट, कुठे सैल?

जुलै २०२४. नागपुरातल्या शाळा भरल्या होत्या. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात, तरी पहिलीच्या वर्गात मुलं बसायला लागली होती. आरटीईतून अर्ज भरलेले पालक मात्र मोबाईलवर एका मेसेजची वाट बघत होते. सोडत जूनमध्येच काढून झाली होती, पण कुणाचा नंबर कुठे लागला ती यादी जाहीर झाली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अडकलं होतं.

वाद एका वाक्याचा होता. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने आरटीईच्या नियमांत बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला गरीब आणि वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाही, असा तो बदल. शहरात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नागपुरातल्या जुन्या वस्त्यांत कुठेही उभं राहिलं, तरी एका किलोमीटरमध्ये महापालिकेची नाहीतर एखाद्या जुन्या संस्थेची अनुदानित शाळा सापडतेच. म्हणजे सूट मोजक्या शाळांना नव्हती, शहरातल्या बहुतेक खासगी इंग्रजी शाळांना होती.

‘खासगी शाळांवरचं सरकारी नियंत्रण कमी करा’ ही मागणी संस्थाचालक अनेक वर्षं करत आहेत. घरीच मुलांना शिकवणारे पालकही वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात: आमच्या मुलाचं शिक्षण आम्ही ठरवू. मागणीत तथ्य आहे की नाही हे बघायचं, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सरकारचा लगाम सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी तो इतका घट्ट आहे की सहीशिवाय पान हलत नाही, आणि काही ठिकाणी, विशेषतः पालकाला गरज असते तिथे, तो हातातून सुटल्यासारखा आहे.

‘खासगी’ म्हणजे नेमकी कोणती शाळा?

बोलताना आपण सगळ्यांना एकच शब्द वापरतो, पण कायद्यात प्रकार बरेच आहेत.

अनुदानित शाळा चालवते खासगी संस्था, पण शिक्षकांचा पगार देतं सरकार. नागपुरातल्या जुन्या मराठी आणि हिंदी माध्यमाच्या कितीतरी शाळा याच प्रकारातल्या. अंशतः अनुदानित शाळेत पगाराचा काही टक्के भाग सरकार देतं. राज्यात एकेकाळी ‘कायम विनाअनुदानित’ अशी अट घालून हजारो शाळांना परवानगी दिली गेली. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला आणि मग २०, ४० टक्के अशा टप्प्याटप्प्याच्या अनुदानाची लढाई सुरू झाली. हिवाळी अधिवेशनात नागपूरला मोर्चे घेऊन येणारे शिक्षक पाहिले असतील, तर त्यातले बरेच याच शाळांमधले. शेवटचा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. २०१२ च्या स्वतंत्र कायद्याखाली त्यांना परवानगी मिळते आणि सरकारकडून अनुदान मागायचं नाही ही त्याची मूळ अट.

बोर्ड वेगळं असलं म्हणून शाळा राज्याच्या कक्षेबाहेर जात नाही. सीबीएसई शाळेलाही राज्याची ना हरकत लागते, फी कायदा लागू होतो, आणि २०२० च्या कायद्यानुसार मराठी शिकवावंच लागतं.

एक किलोमीटरची सूट कोर्टात टिकली का नाही?

आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्यातलं कलम १२(१)(ग) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, किंवा पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथल्या, किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्यायच्या. आठवीपर्यंत फी नाही. त्याबदल्यात सरकार शाळेला पैसे देणार: सरकार स्वतः एका मुलावर जेवढा खर्च करतं तो आकडा किंवा शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला.

संस्थाचालकांनी याला सुरुवातीलाच आव्हान दिलं होतं. १२ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. ६ मे २०१४ च्या ‘प्रमती’ निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुढचं पाऊल टाकलं आणि अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा नसोत, आरटीईच्या पूर्णपणे बाहेर ठेवल्या. त्यामुळे आज नागपुरात एकाच रस्त्यावरच्या दोन इंग्रजी शाळांपैकी एकीत २५ टक्के जागा असतात, दुसरीत नसतात, आणि पालकाला कारण कळत नाही.

संस्थाचालकांची तक्रार मुख्यतः पैशांची आहे आणि ती खोटी नाही. प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षं थकते. राज्यभरातल्या थकबाकीचा आकडा त्यांच्या संघटना दोन हजार कोटींच्या वर सांगतात. मोठ्या फीच्या शाळेला हा फटका पचतो. वर्षाला वीस-पंचवीस हजार फी घेणाऱ्या, वस्तीतल्या छोट्या इंग्रजी शाळेला चौथ्या भागाच्या मुलांचे पैसे दोन-तीन वर्षं न मिळणं म्हणजे शिक्षकांचा पगार थांबणं. (नियंत्रण नको म्हणणाऱ्यांत सगळे शिक्षणसम्राटच असतात, हा समज म्हणून अर्धाच खरा.)

सरकारची बाजूही ऐकण्यासारखी होती. शेजारची आपली शाळा रिकामी पडत असताना खासगी शाळेला पैसे कशाला मोजायचे? कर्नाटकने काही वर्षांपूर्वी अशीच सूट दिली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ती २०१९ मध्ये मान्यही केली.

पण मुंबई उच्च न्यायालयाने वेगळा प्रश्न विचारला: हे करण्याचा अधिकार राज्याला आहे का? ६ मे २०२४ ला नव्या नियमाला स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला तो रद्द झाला. संसदेच्या कायद्याने खासगी शाळांवर टाकलेली जबाबदारी बिनशर्त आहे, ‘जवळ सरकारी शाळा नसेल तर’ अशी अट त्यात कुठेच नाही. नियम कायद्याच्या पोटातून जन्मतो, तो कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. शाळांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्टमध्ये तिथेही दिलासा मिळाला नाही. याद्या जुलैच्या शेवटच्या टप्प्यात लागल्या, म्हणजे पहिलीच्या वर्गात ही मुलं इतरांपेक्षा काही आठवडे उशिरा बसली.

या घटनेत एक विसंगती आहे. शाळांनी सुटका मागितली होती ती परवानग्या, तपासण्या, फाईली यांच्यापासून. थकलेले पैसे वेळेवर मिळावेत ही मागणी होती. सरकारने थकबाकी भागवली नाही, कागदपत्रं कमी केली नाहीत, सोडून दिली ती मुलांची जागा. नियंत्रण सैल झालं ते नेमकं ज्या टोकाला दुसरं कुणी बोलणारं नव्हतं तिथे.

आरटीईच्या जागांसाठी किती ओढ आहे, हे नागपुरात दुसऱ्या एका मार्गानेही दिसलं. त्याच २०२४ मध्ये खोटे उत्पन्नाचे दाखले, भाडेकरार आणि पत्ते देऊन प्रवेश घेतल्याच्या प्रकरणात शहरातल्या काही पालकांवर गुन्हे दाखल झाले. दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. महिन्याला साडेआठ हजारांच्या आत. रोजंदारीवर जाणारे नवरा-बायको मिळूनही ही रेषा ओलांडतात, आणि तिथून दाखल्यांचा बाजार सुरू होतो.

सहीला किंमत आली की काय होतं?

नियंत्रण कमी करा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा नागपुरानेच पुरवला आहे: शालार्थ आयडी प्रकरण.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. आयडी मिळाला की पगार सुरू. पण तिथपर्यंतचा रस्ता लांब आहे. आधी शाळेची संच मान्यता, म्हणजे पटसंख्येनुसार किती पदं मंजूर ते. मग भरतीची परवानगी, मग नेमणूक, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडून वैयक्तिक मान्यता, आणि शेवटी विभागीय पातळीवर शालार्थ आयडी. त्यात २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. बंदीआधी नेमणूक झाल्याचं दाखवणारा कागद त्यामुळे अचानक मौल्यवान झाला. २०१७ नंतर भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून करायचं ठरलं. त्याने संस्थांचा निवडीचा अधिकार आकसला, पण जुन्या तारखांच्या कागदांचं आकर्षण गेलं नाही.

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये नागपूर विभागात खोट्या कागदपत्रांवर मान्यता आणि बोगस शालार्थ आयडी दिल्याचं प्रकरण फुटलं. विभागाचे तत्कालीन शिक्षण उपसंचालक एप्रिलमध्ये अटकेत गेले, पाठोपाठ इतर अधिकारी, कर्मचारी, मुख्याध्यापक आणि संस्थांशी संबंधित लोकही. संशयित आयडींची संख्या पाचशेच्या वर असल्याच्या बातम्या आल्या आणि पुढे राज्याने विशेष तपास पथक नेमलं. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण एक गोष्ट त्यासाठी थांबत नाही: शिक्षक म्हणून नोकरी लागण्याच्या वाटेवर इतक्या सह्या आहेत आणि प्रत्येक सहीची वाट बघण्यात इतकी वर्षं जातात, की सहीचा बाजार होणं आश्चर्याचं नव्हतं.

मग सह्या काढून टाका, संस्थेला हवा तो शिक्षक नेमू द्या, असं म्हणणं सोपं आहे. इथे जरा मागे जावं लागतं. १९७७ मध्ये राज्याने खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. त्याआधी शिक्षकाला कधीही घरी बसवणं संस्थेच्या मर्जीवर होतं. या कायद्यामुळे शाळा न्यायाधिकरण आलं, बडतर्फीविरुद्ध दाद मागता येऊ लागली. नागपूर खंडपीठात आजही संस्था विरुद्ध शिक्षक असे खटले रोजचे आहेत. विनाअनुदानित शाळांत पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही घेऊन हातात निम्मे टेकवल्याच्या तक्रारी आजही होतात. सरकारचा हात पूर्ण निघाला, तर या शिक्षकाने कुणाकडे जायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दुखणं बरोबर पकडलं आहे. शाळा चालवणारं, धोरण ठरवणारं आणि नियम लावणारं खातं एकच आहे, म्हणजे पंचही तोच आणि खेळाडूही तोच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक राज्यात स्वतंत्र शाळा मानक प्राधिकरण असावं, त्याचे निकष थोडे असावेत, सरकारी आणि खासगी शाळांना सारखेच असावेत आणि शाळेने आपली सगळी माहिती जाहीर करावी, असं धोरण सांगतं.

फी किती घ्यायची हे कोण ठरवतं?

सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २००२ ला ‘टीएमए पै’ प्रकरणात दिलेला निकाल आजही पाया आहे. विनाअनुदानित संस्थेला फी ठरवण्याचं स्वातंत्र्य आहे, संस्था वाढवण्यापुरती शिल्लकही ठेवता येते, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. शिल्लक कुठे संपते आणि नफेखोरी कुठे सुरू होते, यावर तेव्हापासून भांडणं चालू आहेत.

महाराष्ट्राचा शुल्क नियमन कायदा २०११ चा. कागदावर तो बऱ्यापैकी लोकशाहीवादी आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ, त्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली कार्यकारी समिती, आणि व्यवस्थापनाने मांडलेल्या फीला या समितीची मंजुरी. ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. जमलं नाही तर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं.

प्रत्यक्षात? पालकांना संघाची बैठक झाल्याचं अनेकदा व्हॉट्सअॅपवर नंतर कळतं. एकट्या पालकाला नियामक समितीकडे थेट जाता येत नाही, त्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्या शाळेत आपलं मूल आहे तिच्याविरुद्ध शंभर-दोनशे पालकांच्या सह्या गोळा करून बघा, म्हणजे या अटीचं वजन कळेल.

कोरोनाकाळात सरकारने कायद्याबाहेर जाऊन बघितलं. ८ मे २०२० ला फीवाढ करू नये असा आदेश काढला, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फी कायदा वैध ठरवताना त्या वर्षासाठी १५ टक्के कपात सांगितली, आणि त्याचा आधार घेत महाराष्ट्राने १२ ऑगस्ट २०२१ ला तसाच आदेश काढला. तात्पुरते आदेश असे येतात आणि जातात. मूळ कायद्यातल्या समित्या वेळेवर नेमल्या आणि चालवल्या, तर त्यांची गरज फारशी पडणार नाही.

एकच वेळापत्रक, सगळ्या राज्याला

लगाम घट्ट असण्याचा एक किरकोळ वाटणारा, पण नागपूरकराला चांगलाच कळणारा नमुना. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी सगळ्या शाळांना एकच वेळापत्रक दिलं, ८ ते २५ एप्रिल. विदर्भात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा कुठे असतो हे पुण्यात बसून दिसत नसावं. इथल्या शिक्षक आणि मुख्याध्यापक संघटनांनी विरोध केला. एका वर्षाआधी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतरच भरवा असा आदेश आला होता. मुलांच्या झोपेचा विचार म्हणून हेतू चांगला, पण दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची आणि बसचं वेळापत्रक सांभाळणाऱ्यांची त्याने दमछाक झाली. शाळा किती वाजता भरावी हे ठरवायला मंत्रालय लागतं का, हा प्रश्न त्यामुळे अगदीच गैर नाही.

उलट बाजूला बदलापूर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या खासगी शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि सरकारने सगळ्या शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं, नाही केलं तर अनुदान रोखणं किंवा मान्यता काढणं. तेव्हा सरकारने शाळांत ढवळाढवळ करू नये असं कुणी म्हटलं नाही.

मूल शाळेत न घालता घरीच शिकवलं तर?

भारतात होमस्कूलिंगला परवानगी देणारा कायदा नाही आणि बंदी घालणाराही नाही.

आरटीईच्या कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला परिसरातल्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास पालकाला शिक्षा काय, यावर कायदा गप्प आहे. संविधानाच्या कलम ५१क(ट) मध्ये पालकाने मुलाला ‘शिक्षणाची संधी’ द्यावी असं म्हटलंय, तिथे शाळा हा शब्द नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने स्वेच्छेने घरी शिकवणारे पालक आरटीई मोडत नाहीत अशी भूमिका घेतली होती. ती भूमिकाच राहिली, कायद्यात उतरली नाही.

त्यामुळे नागपुरातलं एखादं कुटुंब मुलीला घरी शिकवत असेल, तर पोलीस दारात येणार नाहीत. पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक आले तर तिची नोंद काय होईल? सरकारच्या व्याख्येत सहा ते चौदा वयाचं, शाळेत नाव नसलेलं किंवा महिनाभर सलग गैरहजर मूल म्हणजे शाळाबाह्य. घरी तीन भाषा आणि गणित शिकणारी मुलगी आणि शहराबाहेरच्या वीटभट्टीवर आईबापासोबत राहणारं मूल, फॉर्मवर दोघं एकाच रकान्यात.

दहावीच्या वयाला आल्यावर मात्र वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस, जिथे १४ पूर्ण झालं की दहावीला बसता येतं. त्याखालच्या वयासाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्याही आहेत. राज्य मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ घराघरात माहीत आहे, पण तो मुळात शाळा सोडलेल्यांसाठी बनला, त्यामुळे शाळेत कधी गेलंच नाही अशा मुलाला कागद जुळवताना त्रास होतो. मधेच शाळेत परतायचं असेल, तर आरटीईचं कलम ४ मदतीला येतं. वयानुसार जो वर्ग असेल त्यात प्रवेश द्यावाच लागतो, मागचे दाखले नाहीत म्हणून शाळा नाकारू शकत नाही. हे कलम फार कमी पालकांना ठाऊक असतं.

बारावीनंतर काय, ही खरी धाकधूक. २०१६ मध्ये मुंबईतली, शाळा सोडून घरी शिकलेली एक मुलगी आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं. वैद्यकीयसाठी २०१८ मध्ये मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना नीट देता येणार नाही असा नियम आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आणि इथेच नागपुरातलं एक उघड गुपित. नीट-जेईईची तयारी करणारी हजारो मुलं अकरावी-बारावीला कॉलेजात नाव घालतात आणि दिवस कोचिंग क्लासमध्ये काढतात. ‘टाय-अप’, ‘इंटिग्रेटेड’ अशी त्याला नावं आहेत. सरकारने २०१८ मध्ये नागपूरसह काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करून बघितली, पण टाय-अप संपलं नाही. नाव पटावर असलं की मूल शिकतंय, नसलं की शाळाबाह्य, असा सगळा हिशोब. घरी शिकणाऱ्या मुलाकडे सरकार संशयाने बघतं, पण दोन वर्षं वर्गात पाऊल न ठेवणाऱ्याला नियमित विद्यार्थी मानतं.

होमस्कूलिंगला मोकळं रान द्यावं का? इतर देशांची उत्तरं टोकाची आहेत. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये त्याला हरकत घेतली नाही. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मुलाला शाळेत ‘किंवा अन्य मार्गाने’ शिक्षण द्यावं अशी मुभा आहे. अमेरिकेत सगळ्या राज्यांत परवानगी आहे, देखरेख मात्र राज्यागणिक कमीजास्त. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. ‘ती घरीच शिकते’ हे वाक्य बालविवाह लपवायलाही वापरता येतं आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलीला घरी ठेवलं हे झाकायलाही. वर्षातून एकदा नोंद आणि मूल वाचतंय, लिहितंय, हिशोब करतंय याची साधी खात्री, एवढं जरी कायद्यात आलं तरी घरी शिकवणारे पालक निर्धास्त होतील आणि वीटभट्टीवरचं मूल वेगळं दिसेल. आज सरकारकडे दोघांचीही माहिती नाही.

चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन एखादी जागा घेतली आणि शिक्षक ठेवला, तर धोका वाढतो. कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज १० हजारांपर्यंत. दर जूनमध्ये निघणाऱ्या अनधिकृत शाळांच्या याद्या त्यातूनच येतात. शाळा कुठे सुरू होते आणि शिकवणी कुठे संपते, याची व्याख्या कायद्यात स्पष्ट नाही.

हा वाद नागपुरात नवा नाही

शंभर वर्षांपूर्वी लगाम इंग्रजांच्या हातात होता. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली, नाहीतर अनुदान आणि मान्यता धोक्यात. त्याच काळात नागपूरच्या नील सिटी स्कूलमध्ये ‘वंदे मातरम्’च्या घोषणा झाल्या. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणाऱ्या केशव हेडगेवारांना त्यातून शाळा सोडावी लागली आणि ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरातच भरलं, असहकाराचा ठराव पक्का झाला, आणि त्यात सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांवर बहिष्कार होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि जमेल तितका शाळेचा खर्च त्यातूनच भागावा, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेली ‘आनंद निकेतन’ शाळा त्याच वारशातली.

लगाम सैल करायचा म्हणजे काय करायचं?

आरटीईचे मान्यतेचे निकष पाहिले तर बहुतेक मोजमाप भिंतींचं आहे: वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, मैदान, कुंपण, ग्रंथालय, तीस मुलांमागे एक शिक्षक. मूल शिकतंय का, हे त्यात नाही. गुजरातने २०१२ च्या नियमांत वेगळा प्रयोग केला. मान्यतेच्या गुणांपैकी ७० टक्के वजन मुलांच्या शिकण्याला दिलं, त्यातही ४० टक्के मुलं आधीपेक्षा किती पुढे गेली याला. अरुंद गल्लीतल्या छोट्या शाळेला अशा मोजमापात निदान उभं राहता येतं.

महाराष्ट्रात हे करायचं तर कायदा मोडावा लागत नाही. आरटीईची रक्कम वर्षाच्या आत शाळेच्या खात्यात टाकणं, शिक्षकाच्या मान्यतेची फाईल किती दिवस कुठल्या टेबलावर आहे हे उघड दाखवणं, परीक्षेचं वेळापत्रक जिल्ह्यावर सोडणं, फी समितीचं इतिवृत्त शाळेच्या वेबसाइटवर टाकायला लावणं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींत सरकारचा हात मागे येतो किंवा त्याच्यावर नजर राहते, चौथीत पालकाचा हात पुढे येतो. २५ टक्के जागांना यात कुठेच हात लावावा लागत नाही.

अल्पसंख्याक शाळांची सूट हा त्यातला सगळ्यात नाजूक धागा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातून गेलेल्या टीईटीच्याच प्रकरणात, २०१४ चा ‘प्रमती’ निकाल बरोबर होता का अशी शंका घेतली आणि हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. तो निकाल बदलला, तर नागपुरातल्या अनेक नामांकित शाळांत पहिल्यांदाच आरटीईची सोडत लागेल. सध्या त्या शाळांची नावं आरटीई पोर्टलच्या यादीत दिसत नाहीत, आणि अर्ज भरणारे पालक दरवर्षी ती शोधत राहतात.